वॉल्वमनचे बोलके दिवस

“मंजुळा, तुझा हंडा पितळेचा होता. कमरेला टेकतो ना, त्या बाजूला हा एवढा पोचा होता त्याला.”

नागसेन असं म्हणाले आणि मंजुळाबाईंच्या हातातली मेथी हातातच राहिली.

हंड्याचं नवल नव्हतं, नावाचं होतं. लग्नानंतर दोघांचे केस पिकले, पण या माणसाने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘ऐक’ एवढा एक शब्द होता त्यांच्यापाशी, बायकोसाठी राखून ठेवलेला, आणि तोही सणासुदीच्या कपड्यासारखा क्वचित बाहेर निघायचा.

परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीत थंडीचं ऊन पत्र्याच्या ओसरीवर आडवं पडलं होतं. नागसेन उन्हात खुर्ची टाकून बसले होते. अंगावर चादर, चादरीखाली फुगलेलं पोट. लिव्हर खराब झाल्यापासून पोटात पाणी साचायचं. मधून मधून दवाखान्यात जाऊन ते काढायचं, की पुन्हा भरायचं. जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. शुगरने आणि चरबीने लिव्हर सुकवलं होतं. तरी समोरची भाभी भेटली की विचारायचीच, “भाईसाब पीते तो नहीं थे ना?” त्या शेवटच्या ‘ना’वर ती सगळा भार टाकायची.

“माझ्या हंड्याला कुठला पोचा?” मंजुळाबाई म्हणाल्या. “आईनं दिला तेव्हा आरसा होता नुसता. तोंड दिसायचं त्यात.”

“होता पोचा.” नागसेन हसले. हसताना त्यांचे डोळे कुठेतरी लांब, पाण्यावर ठेवल्यासारखे होते. “तुमच्या गल्लीच्या नाक्यावर सरकारी नळ. माझा वॉल्व त्याच्या समोरच. बंद करायची वेळ झालेली. तू रांगेत सगळ्यात शेवटी. आणि तुझ्या पुढची बाई बालटीवर बालटी भरून राहिलेली. मी किल्ली खाली घातली, आणि फिरवलीच नाही. तुझा हंडा भरेपर्यंत उभा राहिलो. साहेब नंतर जाम ओरडला. मग आईला जाऊन बोललो, त्या गल्लीत पोचेवाल्या हंड्याची पोरगी आहे, तिच्या घरी जा.”

आजवर मंजुळाबाईंना वाटत आलं होतं की महूच्या मामांनी स्थळ आणलं, थोरांनी ठरवलं, आणि हा माणूस मान खाली घालून येऊन उभा राहिला. आपल्याला कुणी मागून घेतलं नाही, आपण नुसत्या दिल्या गेलो, ही गोष्ट त्यांनी पदराच्या गाठीसारखी सांभाळली होती. कधी सोडून पाहिली नव्हती. आणि आज, मेथी निवडता निवडता, ती गाठ कुणीतरी दुसऱ्यानेच सोडली.

नागसेन नगर निगममध्ये वॉल्वमन होते. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी किल्ली घेऊन गल्लोगल्ली फिरायचे, जमिनीतली झाकणं उघडून नर्मदेचं पाणी कुठल्या वस्तीला सोडायचं, कुठल्या वस्तीचं बंद करायचं, हे काम. बायका दारातून विचारायच्या, “नागसेन भिया, नल कब आएँगे?” तर हे बोटांनी सांगायचे. नवीन आलेल्या लोकांना ते मुकेच वाटत. लालबागच्या मेळ्यात नव्या बायकोला बांगड्या घेतल्या, त्याही बोट दाखवून. पाइपाला तळवा लावून पाणी किती लांब आहे ते मात्र त्यांना कळायचं. मग एकच शब्द उच्चारायचे, “येतंय.” घरात तेवढंच ऐकू यायचं त्यांचं.

आणि आता ते बोलत होते.

दुपारभर बोलले. मेथीची भाजी झाली, बिनमिठाची त्यांची वेगळी काढून ठेवली, तरी बोलत होते. महूच्या छावणीतल्या चाळीबद्दल बोलले. वडील धोंडिबा फौजेतून आले की पेटी उघडताना येणाऱ्या डांबरगोळ्यांच्या वासाबद्दल बोलले. आईबद्दल बोलले, ती छावणीच्या नळावर रांगेत उभी राहून ओव्या म्हणायची. मग डोळे मिटून त्यांनी म्हणूनच दाखवली,

“नळाच्या धारेबाई, तुला कशाची ग घाई,
माझ्या घागरीचा अजून तळ भिजला नाही.”

आवाज चिरका होता, पण सूर जागच्या जागी होता. गल्लीतून जाणारा भाजीवाला हातगाडी थांबवून बघू लागला. मंजुळाबाईंना लाज वाटली आणि अभिमानही वाटला. त्या म्हणाल्या, “पुढची?”

“सांजेच्या पाण्यामधी उतरली चांदणी,
लेकीच्या डोईवर नदी चालली अंगणी.”

“आणि पुढची?”

“थांब रे पाणीवाल्या, किल्ली नको रे फिरवू…” नागसेन थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. “ह्याच्या पुढे… ह्याच्या पुढे काय होतं? आईला विचारून येतो.”

“आई कुठंय आता?”

“नळावर.”

मंजुळाबाई हसल्या. म्हाताऱ्या माणसाला आई आठवते, त्यात काय. सदऱ्याची गुंडी वर-खाली लागली होती, ती त्यांनी नीट केली. चहाचा कप तोंडाकडे जाता जाता गालाला लागला, तो त्यांनी हातात हात घेऊन ओठाशी नेला. डॉक्टरांनी मागच्या वेळी बजावलं होतं, झोप उलटीसुलटी झाली, बहकल्यासारखं वागले, ताप आला, पोट दुखलं, तर लगेच घेऊन या. पण ताप नव्हता. पोटही दुखत नव्हतं. आणि हे बहकणं कसं असेल? बहकलेला माणूस दुसऱ्याच्या बायकोला ओळख दाखवतो. हे तर आपल्याच बायकोला ओळखू लागले होते.

दुसऱ्या दिवशी ते भरदिवसा झोपून राहिले, मध्येच जागे व्हायचे आणि अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलायचे, जणू झोपेतही बोलणं चालूच होतं, नुसता आवाज बंद होता. मंजुळाबाईंनी त्या दिवशी शेजारी जाणं टाळलं, टीव्ही लावला नाही. खुर्चीपाशी पाटावर बसून राहिल्या. घरात स्वप्नासारखं काहीतरी उतरलं होतं, आणि भांडं वाजलं तर ते उडून जाईल अशी त्यांना भीती वाटत होती.

संध्याकाळी नंदिनी आली. ती भंवरकुआंला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते, तिकडेच खोली घेऊन राहते. स्कूटी लावता लावताच तिने वडिलांचा आवाज ऐकला आणि हेल्मेटसकट आत धावली.

“पप्पा! क्या बात है! मम्मी, पप्पा गाणं म्हणून राहिले?”

“ऐक तू पण. बस.”

नंदिनी बसली. आधी ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. नागसेननी तिला मेळ्यातल्या पाळण्याची गोष्ट सांगितली, तिच्या गालाला हात लावला आणि विचारलं, “शाळा सुटली का ग? दप्तर कुठे टाकलंस?”

नंदिनीचं हसू तिथंच थांबलं. तिने हेल्मेट खाली ठेवलं.

“पप्पा, हात असे पुढे करा बरं. पलासियाच्या चौकात ट्रॅफिकवाला करतो ना, थांबा म्हणून, तसे.”

नागसेननी दोन्ही तळवे पुढे केले. तळवे थोडा वेळ थांबले आणि मग मनगटापासून खाली पडले, वर आले, पडले, वर आले. झाडावर बसायला जागा न मिळालेल्या पाखरांसारखे.

“मम्मी, हे कधीपासून?”

“काय कधीपासून? बोलतायत ते. तुझा बाप बोलतोय, नंदू.”

“ते हात बघ ना! हे बोलणं नाहीये मम्मी. लिव्हरचं विष डोक्यात चढलंय. डॉक्टरनं मागच्या वेळी सगळं समजावलं होतं की नाही?”

“मग तू सांग, हे बोलणं नाही तर काय आहे?” मंजुळाबाईंचा आवाज अचानक चढला. “एवढी वर्षं मी भिंतीशी संसार केला. आज भिंतीनं तोंड उघडलं तर तू म्हणतेस बीमारी? उद्या सकाळी नेऊ. एक ओवी राहिलीय. ती होऊ दे.”

नंदिनी उठली. आईच्या समोर येऊन उभी राहिली. ओरडेल असं वाटलं, पण तिने आईचे दोन्ही हात धरले. “उद्यापर्यंत पप्पाच राहिले नाहीत तर ओवी कोण पुरी करणार?”

मंजुळाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. नागसेन आपल्याच हातांकडे कौतुकाने बघत होते, ती पाखरं दुसऱ्या कुणाची असावीत तसे. मग त्या आत गेल्या, शाल आणली, आणि म्हणाल्या, “रिक्षा बोलव.”

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, श्रिया नावाची. “मराठी समजतं मला, आंटी, बोलताना गडबडते थोडं,” म्हणाली. तिने पडदा ओढला, पोटाच्या डाव्या अंगाला जागा बधिर करून सुई घातली आणि सिरिंज मागे ओढली. पाणी आलं. मागच्या वेळी ते उसाच्या फिक्या रसासारखं स्वच्छ होतं. या वेळी त्यात धुकं होतं. तिने ते तिथंच, पलंगाशेजारी, दोन छोट्या बाटल्यांत सोडलं. बाटल्यांत आधीच काही रस होता.

“हे कशाला?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“जंतू वाढवायला. साध्या नळीत पाठवलं तर बरेचदा काही उगवत नाही. या बाटलीत त्यांना खायला आहे. खाऊन वाढतील, मग कळेल कोण आहेत ते.”

“पण ताप नाही, दुखत नाही…”

“प्रत्येकाला होत नाही, आंटी. कधी कधी नुसतं डोकं फिरतं. तेवढीच खूण.”

“काही खराब पाणी पिण्यात आलं काय? ह्यांचं तर पाण्याचंच काम होतं.”

“नाही हो. बाहेरून नाही आलं हे.” श्रियाने हातमोजे काढले. “ई. कोलाय म्हणतात, क्लेब्सिएला म्हणतात, असे बरेच असतात. बहुतेक तर तुमच्या-माझ्या आतड्यातच राहतात, गुपचूप, काही त्रास नाही. लिव्हर चांगलं असलं तर एखादा भिंत ओलांडून आला तरी वाटेत पकडला जातो. ह्यांच्या लिव्हरमध्ये ती ताकद नाही राहिली. आणि पोटात हे साचलेलं पाणी. तिथे कुणी पहारेकरी नाही.”

“म्हणजे घरचेच.”

“हौ. घरचेच.”

मंजुळाबाईंना ते चित्र डोळ्यांपुढे दिसलं. पोटात एक शांत तळं, आणि काठावर आयुष्यभर मुक्याने राहिलेली माणसं, एका संध्याकाळी कुणी झाकण उघडं ठेवलं म्हणून पाण्यात उतरलेली. त्यांना थोडा वेळ जंतूंचा राग येईना. मग त्यांनी विचारलं, जे रिक्षात बसल्यापासून विचारायचं होतं.

“डॉक्टर, हे दोन दिवस बोलत होते. जुनं जुनं. ते खरं असतं की बीमारी बोलते?”

श्रियाने नंदिनीकडे बघितलं, मग मंजुळाबाईंकडे. “काही खरं असतं, काही डोकं जोडून टाकतं. मला नाही सांगता येणार, आंटी. आधी ह्यांना वाचवू या.”

पहिलं औषध लागू पडलं नाही. पुन्हा पाणी काढलं तर धुकं तसंच होतं. लघवी कमी झाली, किडनी धोक्यात आहे असं डॉक्टर म्हणाले. बाटल्यांतून अल्ब्युमिन, रक्तातलं प्रथिन, चढू लागलं, नंदिनी क्लास सोडून मेडिकलच्या चकरा मारू लागली. नागसेनचं बोलणं आता वाक्यावरून शब्दावर आलं होतं. नळ जायच्या वेळी धार बारीक होत जाते, तसं. मंजुळाबाई त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसायच्या. “थांब रे पाणीवाल्या…” एवढं यायचं. पुढे नुसता श्वास.

अशाच एका दुपारी त्या त्रिशरण म्हणायला बसल्या, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपण मागतोय काय? ते बरे झाले तर पुन्हा गप्प होतील. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. धुकं जाईल आणि धुक्यातून आलेला माणूसही जाईल. त्यांनी नागसेनचं पाऊल चादरीखाली नीट सरकवलं, डोळे मिटले, आणि मनात स्पष्ट शब्दांत म्हटलं, गप्प राहू देत. पण राहू देत.

संध्याकाळी श्रिया रिपोर्ट घेऊन आली. “क्लेब्सिएला निघाला. जरा जिद्दी जात आहे, नेहमीच्या औषधाला जुमानत नाही. पण एकाला घाबरतो. ते आत्ताच सुरू करते.”

मग दिवस गेले. पोटातलं पाणी नितळ झालं. लघवी सुरू झाली. एका सकाळी खिडकीतून ऊन पलंगावर आलं, नागसेननी डोळे उघडले आणि म्हणाले, “ऐक.”

मंजुळाबाई उठून जवळ गेल्या.

“चहा.”

श्रियाने तपासलं. नाव काय? सांगितलं. कुठे आहात? दवाखाना. हात पुढे करा. केले. तळवे भिंतीसारखे स्थिर होते. नंदिनी रडत हसत आईच्या गळ्यात पडली. मंजुळाबाईही हसल्या, आणि मग बाहेर व्हरांड्यात वॉटर कूलरपाशी जाऊन पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्या रडण्यात किती भाग कशाचा होता ते त्यांना निवडता येईना.

घरी आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं. “तुम्ही खूप बोलत होता. आठवतं काही?”

“मी?” नागसेन ओशाळले. “काही वाकडं बोललो का?”

“नाही. वाकडं नाही.”

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे बघत राहिले. जुना नागसेन. औषधं वेळच्या वेळी, जेवण बिनमिठाचं, आणि शब्दही बिनमिठाचे.

दोन दिवस मंजुळाबाई वरच्या माळ्याकडे नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, नागसेन झोपलेले असताना, त्या स्टुलावर चढल्या आणि गोधड्यांच्या मागून हंडा खाली काढला. स्टीलची भांडी आल्यापासून तो तिथंच होता, काळा पडलेला. फडक्याने पुसून त्यांनी तो उन्हात चारी बाजूंनी फिरवला. गोल, गुळगुळीत. पोचा कुठेच नव्हता.

म्हणजे बीमारीच बोलली. नळ, रांग, न फिरवलेली किल्ली, आईला सांगितलेलं. डोक्याने जोडून टाकलेलं. मंजुळाबाईंना वाईट वाटलं, पण खूप नाही. हातात आलेली वस्तू परत करताना वाटतं तेवढं. आता काढलाच आहे तर घासून ठेवू म्हणून त्यांनी चिंच भिजवली आणि मोरीत बसून घासू लागल्या. बाहेरून सोन्यासारखा झाला. मग हात आत घातला.

बोटं थांबली.

आतल्या अंगाला, कमरेच्या बाजूला, पितळेत बारीक बारीक खळगे होते. हातोडीचे. तळहाताएवढ्या जागेत, दाट, उरलेल्या हंड्यात कुठेच नाहीत असे. मंजुळाबाई बोटांनी ते खळगे चाचपत बसल्या, आणि त्यांच्या वडिलांचा आवाज मोरीच्या भिंतीतून आल्यासारखा आला: पोरीच्या लग्नात पोचेवाला हंडा देऊ काय? मग ते हंडा डोक्यावर घेऊन भांडी ठोकणाऱ्या कसेऱ्याकडे गेले होते. पोचा आतून ठोकून काढला होता. लग्नाच्या मांडवात तो आरशासारखा ठेवला होता. त्या स्वतःही विसरल्या होत्या.

सासरच्या कुणीच तो पोचा पाहिला नव्हता. लग्नाआधी, नाक्यावरच्या नळावर, रांगेत शेवटी उभी असलेली पोरगी ज्याने पाहिली, त्यालाच तो माहीत असणार.

मंजुळाबाईंनी हात बाहेर काढला नाही. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ यायचे होते. नागसेन मोरीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले. घरचा नळ अजून तेच सांभाळत. थेंब सांडलेला त्यांना खपायचा नाही. भांडं गळ्याशी आलं की हात तोटीवर. त्यांनी पाइपाला तळवा लावला, थोडं थांबले, आणि म्हणाले, “येतंय.”

मंजुळाबाईंनी हंडा आणून नळाखाली ठेवला. आत खळगे होते ती कमरेची बाजू त्यांच्याकडे केली. नागसेननी हंड्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. मग पुन्हा बघितलं.

आधी हवा आली, मग धार. पाणी पितळेत पडू लागलं, आवाज खोल होता, हळूहळू वर चढत बारीक होत गेला. पाणी गळ्याशी आलं. नागसेनचा हात सवयीने तोटीवर गेला.

मंजुळाबाई ओला हात पदराला पुसत होत्या. भिंतीकडे बघत, कुणाला उद्देशून नाही अशा, हलक्या आवाजात त्या म्हणाल्या,

“थांब रे पाणीवाल्या, किल्ली नको रे फिरवू…”

हात तोटीवरच होता. फिरला नाही.

पाणी काठाला आलं, काठावर थोडं फुगून थांबलं, आणि मग हंड्याच्या अंगावरून चहूकडे उतरू लागलं. मोरी भरली, उंबऱ्यावरून एक पातळ ओघळ निघाला आणि नागसेनच्या सुजलेल्या पावलांपर्यंत आला. त्यांनी पावलं मागे घेतली नाहीत.